मागितलेलं किती, माथी मारलेलं किती: समाजमाध्यमांचं परीक्षण

कुठलंही समाजमाध्यम पारखायची एक साधी कसोटी आहे. कागदावर तीन रकाने पाडायचे, ॲप उघडायचं आणि समोर येणाऱ्या पहिल्या ३० गोष्टी मोजायच्या. पहिल्या रकान्यात तुम्ही स्वतः जोडलेल्या माणसांचं आणि पानांचं जे आलं ते. दुसऱ्यात ‘तुम्हाला आवडेल’ म्हणून कंपनीने पुढे सरकवलेलं. तिसऱ्यात जाहिराती. पाच मिनिटांचं काम आहे. मोजताना मध्येच रेंगाळू नका, काही उघडू नका, कारण रेंगाळण्याचीही नोंद होते आणि पुढची मांडणी बदलते. खातं नवं असेल तर आठवडाभर वापरून मग मोजा. पहिल्या दिवशी यंत्रणेला तुमच्याबद्दल जवळपास काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे ती सरसकट गाजलेलंच पानात वाढते.

इथे सगळ्या सेवा याच मापाने तोलल्या आहेत: मागितलेलं किती मिळतं आणि माथी मारलेलं किती. फिल्टर, स्टिकर, रंगरूप यांची चर्चा मुद्दाम टाळली आहे. ते दर अपडेटला बदलतं, आणि मेनूंच्या जागाही बदलतात. त्यामुळे खाली सांगितलेली एखादी सेटिंग त्या जागी दिसली नाही, तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत तिचं नाव टाकून बघा.

समाजमाध्यम म्हणजे मुळात दोन गोष्टींची मोट. एक, माणसांचं जाळं: कोण कोणाशी जोडलेलं आहे याची नोंद. दुसरी, फीड: त्या जाळ्यातला मजकूर कोणाला, कोणत्या क्रमाने दाखवायचा याचा निर्णय. वर्तमानपत्रात मजकूरही संपादकांचा आणि मांडणीही त्यांचीच. इथे लिहायचं आपण, फोटो द्यायचे आपण, वाचायचंही आपणच. कंपनीच्या हाती उरते ती मांडणी, आणि सगळी मेख तिथेच आहे. १९९७ साली आलेल्या सिक्सडिग्रीजवर जाळं होतं, आजच्यासारखं फीड नव्हतं. २००४ साली आलेलं फेसबुकही पहिली दोन वर्षं तसंच होतं. मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूज फीड आलं तेव्हा वापरणारे चांगलेच भडकले होते. आपण कुठे काय लिहिलं ते आपोआप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे का यावं, असा त्यांचा सवाल होता. ओरड विरली, फीड राहिलं, आणि पुढे जवळपास सगळ्यांनी तेच उचललं. २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. बोट फिरवत राहिलं की खाली नवं येतच राहतं, त्या न संपणाऱ्या पानाची कल्पना आझा रास्किन या डिझायनरची, २००६ ची. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो आणि थांबला की उठतो. तो क्षणच काढून टाकला गेला. पुढे रास्किन यांनी त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली.

फीड कसं लागतं ते एकदा जवळून पाहिलं की बाकीचं सोपं जातं. तुम्ही ॲप उघडता त्या क्षणी तुम्हाला दाखवता येतील अशा ढीगभर गोष्टी बाजूला काढल्या जातात. प्रत्येकीला गुण मिळतात. हा माणूस इथे थांबेल का, लाइक करेल का, प्रतिक्रिया लिहील का, कुणाला पाठवेल का, असे ते अंदाज असतात. गुणांच्या क्रमाने यादी लागते. आता समजा, भर रस्त्यात दोन गाडीवाले भांडतायत असा व्हिडिओ आला. तुम्ही लाइक केलं नाही, काही लिहिलं नाही, नुसते ११ सेकंद बघत राहिलात आणि नाक मुरडून पुढे गेलात. तुमच्या लेखी ते टाळलंत. नोंदीत मात्र ११ सेकंद जमा झाले. पुढच्या खेपेला चार-पाच गोष्टींनंतर दुसरं भांडण हजर होतं, यात आश्चर्य नाही. ‘काय हा मूर्खपणा’ अशी प्रतिक्रिया लिहिली असतीत तर गुण आणखी वाढले असते. नको ते खरंच नको असेल तर पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवून ‘नॉट इंटरेस्टेड’ निवडायचं. एकदा करून भागत नाही. दोन-तीन आठवडे चिकाटीने केलं की फरक दिसू लागतो.

फेसबुक

या कसोटीवर फेसबुकची अवस्था मिश्र आहे. मूळ फीडमध्ये सुचवलेलं आणि जाहिराती यांचा भरणा असतो, पण मेनूत ‘फीड्स’ नावाचा कप्पा आहे. तो उघडला की जाहिराती सोडल्या तर फक्त जोडलेल्या माणसांचं, गटांचं आणि पानांचं, तेही नव्याकडून जुन्याकडे अशा क्रमाने दिसतं. अडचण एवढीच की ॲप बंद करून पुन्हा उघडलं की गाडी मूळ फीडवर येते. हा कप्पा कायमचा लावून ठेवता येत नाही. का, हे सांगायला नको.

गुण देण्याचं सूत्र कंपनी स्वतःच बदलत असते आणि त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. २०१७ मध्ये लाइकखेरीजच्या प्रतिक्रियांना, त्यात रागाचा लालबुंद चेहराही आला, लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं होतं. संताप आणणारा मजकूर त्यामुळे आपसूक वर चढू लागला. मग ते वजन टप्प्याटप्प्याने कमी करत २०२० मध्ये रागाच्या चेहऱ्यापुरतं शून्यावर आणलं. ही माहिती २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा लोकांना कळली. तोवर फीड कडवट का झालंय याचं खापर वापरणारे एकमेकांवर फोडत होते.

नवख्यांची चूक होते ती पोस्ट कोणासाठी आहे हे ठरवताना. लिहिण्याच्या चौकटीवर, नावाखाली, एक छोटं बटण असतं: ‘पब्लिक’, ‘फ्रेंड्स’, ‘ओन्ली मी’. ते शेवटची निवड लक्षात ठेवतं. म्हणजे गेल्या महिन्यात सार्वजनिक कार्यक्रमाची माहिती टाकताना ‘पब्लिक’ केलंत, तर आज घरातल्या बाळाचा फोटोही जगजाहीर जातो, आणि बटणाकडे बघायची सवय नसली तर ते कळतही नाही. आधीच असं झालं असेल तर प्रायव्हसीमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ आहे. त्याने जुन्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या होतात. पण नंतर त्यातली एखादी पुन्हा जाहीर करायची तर एकेक उघडून करावी लागते.

दुसरी सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी: तुमची मित्रयादी कोणाला दिसते ती. ‘ओन्ली मी’ करा. तुमचा फोटो आणि नाव चोरून दुसरं खातं उघडणारा भामटा ती यादीच वापरतो. आधी सगळ्यांना विनंत्या पाठवतो आणि मग ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा मेसेज करतो. यादीच दिसली नाही तर पाठवणार कोणाला?

व्यवसायासाठी किंवा संस्थेसाठी वैयक्तिक खातं वापरू नका. मित्रांची मर्यादा ५,००० आहे आणि स्वतःऐवजी व्यवसायाच्या नावाने वैयक्तिक खातं चालवणं नियमात बसत नाही. त्यासाठी पान काढा आणि त्याचा पूर्ण ताबा किमान दोघांकडे ठेवा. एकाच माणसाकडे ताबा असलेली पानं हमखास अडकतात. त्याचं खातं हॅक झालं किंवा बंद पडलं की पान जिवंत राहतं, पण त्यावर काही टाकता येत नाही आणि काढताही येत नाही.

इतकं असूनही गट हे फेसबुकचं बलस्थान. बागकाम, दुर्मिळ आजार, जुन्या यंत्रांचे सुटे भाग, कशालाही गट सापडतो, आणि तिथे उत्तरं देणारी माणसं त्या विषयात मुरलेली असतात. फक्त एका गोष्टीसाठी फेसबुक वापरायचं झालं तर ती हीच असावी.

व्हॉट्सॲप

याला समाजमाध्यम म्हणावं का, असा वाद घातला जातो. दोघांच्या बोलण्यापुरतं ते टेलिफोनच आहे. पण १,०२४ माणसांचा गट आणि त्यात रोज फिरणारे फॉरवर्ड आले की समाजमाध्यमाचे सगळे गुणदोष हजर. कसोटीवर मात्र ते चमत्कारिक बसतं. गप्पांमध्ये गुण लावणारी यंत्रणा नाही, जे आलं ते आलं त्या क्रमाने. म्हणजे मागितलेलंच मिळायला हवं. प्रत्यक्षात इथे माथी मारण्याचं काम यंत्राऐवजी ओळखीची माणसं करतात, आणि ओळखीच्या माणसाला ‘नॉट इंटरेस्टेड’ म्हणता येत नाही.

त्यावर कंपनीने घातलेला बांध ठाऊक असावा. फॉरवर्ड एका वेळी जास्तीत जास्त ५ ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा जगभर २०१९ पासून आहे. पाच किंवा जास्त हातांमधून फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. दोन बाणांचा अर्थ ‘खोटं आहे’ असा नाही. पाठवणाऱ्याने ते लिहिलेलं नाही आणि मूळ लिहिणारा कोण हे त्यालाही ठाऊक नाही, एवढाच. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब होतात, म्हणून बाण नसणं हा खरेपणाचा दाखला धरू नये.

खातं घेतल्यावर प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’ उघडून ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. नाहीतर तुमचा नंबर असलेला कोणीही तुम्हाला कुठल्याही गटात ओढू शकतो. झटपट श्रीमंतीची आमिषं दाखवणारे गट असेच भरतात. गट तुम्हीच चालवत असाल आणि तो सूचनांसाठी असेल, तर मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा. ‘ओके’, ‘धन्यवाद’ आणि हात जोडलेल्या चित्रांखाली मूळ सूचना गाडली जाते आणि चार दिवसांनी तीच पुन्हा विचारली जाते.

सहा आकडी कोडबद्दल थोडं सविस्तर. व्हॉट्सॲपची ओळख तुमच्या नंबरवर चालते आणि नव्या फोनवर ते सुरू करताना त्या नंबरवर सहा आकड्यांचा कोड येतो. चोर स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकतो, कोड तुमच्याकडे येतो, आणि त्याच मिनिटाला एखाद्या ओळखीच्या खात्यावरून मेसेज येतो: ‘चुकून माझा कोड तुझ्याकडे आला, जरा पाठव ना.’ ते ओळखीचं खातं आधीच चोरलेलं असतं. कोड दिला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर आणि तुम्ही बाहेर. बचाव म्हणजे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’: स्वतःचा सहा आकडी पिन लावायचा आणि सोबत ईमेल द्यायचा. ईमेल टाळू नका, पिन विसरलात तर सुटकेचा मार्ग तोच. खातं गेलंच तर घाबरून ॲप काढू नका. आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा, नवा कोड टाका; चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात पिन लावला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण तेवढा काळ तोही आत येऊ शकत नाही.

मेसेज २०१६ पासून पूर्णपणे कूटबद्ध आहेत, वाटेत कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. क्लाउडवरचा बॅकअप मात्र त्यात आपोआप येत नाही. बॅकअपचं कूटबद्धीकरण वेगळं सुरू करावं लागतं. पासवर्ड स्वतः घातला असेल तर लिहून ठेवा. तो हरवला तर बॅकअप कोणीही उघडून देऊ शकत नाही.

इन्स्टाग्राम हेही २०१२ पासून फेसबुकच्याच कंपनीचं, व्हॉट्सॲप २०१४ पासून. एकाच घरातल्या तीन सेवांवर भिस्त ठेवण्याचा धोका ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडा पडला. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली, तिचे पत्ते सांगणारे सर्व्हर इंटरनेटच्या नकाशावरून नाहीसे झाले आणि तिन्ही सेवा सुमारे सहा तास ठप्प झाल्या. दुरुस्तीला लागणारी आतली साधनंही त्याच जाळ्यावर होती, म्हणून इतका वेळ गेला. ज्यांची ऑर्डर घेण्याची, रुग्णांना वेळ देण्याची, वर्गाला निरोप द्यायची सोय फक्त इथे होती, त्यांचं काम बंद पडलं. समाजमाध्यमांना महत्त्व का, याचं उत्तर त्या सहा तासांत जितकं नीट कळलं तितकं एरवी कळत नाही. फोन नंबरांची आणि ईमेलची यादी बाहेर कुठेतरी ठेवणं हा त्यावरचा स्वस्त विमा.

यूट्यूब

मोठ्या सेवांमध्ये कसोटीवर सगळ्यात वर, पण एका अटीवर: शोधून बघणार असाल तर. २००५ च्या एप्रिलमध्ये प्राणिसंग्रहालयातल्या १९ सेकंदांच्या व्हिडिओने सुरू झालेलं हे भांडार आता ज्ञानकोशासारखं वापरता येतं. गळका नळ, अडलेलं गणित, विसरलेली वीण, सगळं आहे. मुख्य पान हा मात्र वेगळा प्रकार. तिथे सदस्यता घेतलेल्या वाहिन्यांपेक्षा यंत्रणेचे अंदाजच जास्त दिसतात.

त्यावर यूट्यूबकडे एक किल्ली आहे, जी इतरांकडे सहसा नाही. खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘वॉच हिस्टरी’ थांबवा आणि आधीची पुसून टाका. २०२३ पासून असं केलं की मुख्य पान जवळपास कोरं होतं: शोधाची पट्टी आणि मेनू, बस्स. ‘सबस्क्रिप्शन्स’ उघडलं की निवडलेल्या वाहिन्यांचे व्हिडिओ क्रमाने मिळतात. तोटा एक, अर्धवट राहिलेला व्हिडिओ जिथे सोडला तिथून सुरू होत नाही. सोबत ‘ऑटोप्ले’ही बंद करा.

व्हिडिओ चढवणाऱ्यांसाठी थोडक्यात. फोन नंबर पडताळला नसेल तर १५ मिनिटांच्या वर चढत नाही. पडताळल्यावर १२ तास किंवा २५६ जीबी, यातलं जे कमी असेल ते. लांब व्हिडिओला प्रकरणं पाडायची असतील तर वर्णनात वेळा लिहायच्या: पहिली ०:०० असलीच पाहिजे, किमान तीन हव्यात, प्रत्येक किमान १० सेकंदांचं. यातलं एक चुकलं तरी प्रकरणं दिसत नाहीत आणि चूक काय तेही कोणी सांगत नाही. जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळायला १,००० सदस्य लागतातच, शिवाय १२ महिन्यांत ४,००० तास सार्वजनिक पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी दृश्यं. सदस्यांपेक्षा तासांचा आकडाच लोकांना दमवतो. दोन मिनिटांचे व्हिडिओ टाकून ४,००० तास भरायचे तर प्रत्येक सेकंद बघितला गेला असं धरलं तरी १,२०,००० वेळा ते बघितले जायला हवेत.

नापसंतीचा आकडा २०२१ च्या नोव्हेंबरपासून लपवला आहे, आणि शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या बाबतीत ते चुकलंच. चुकीची कृती दाखवणारा व्हिडिओ आधी एका नजरेत ओळखू यायचा, आता प्रतिक्रिया वाचत बसावं लागतं.

इन्स्टाग्राम आणि एक्स

इन्स्टाग्राम २०१० साली चौकोनी फोटोंचं दालन म्हणून आलं, आज ते मुख्यतः व्हिडिओंचं आहे. ३० च्या मोजणीत अनोळखी चेहरेच फार निघतात. सेटिंग्जमध्ये सुचवलेल्या पोस्ट ३० दिवसांसाठी झोपवता येतात, पण महिना झाला की त्या पुन्हा उठतात, तेव्हा कॅलेंडरमध्ये आठवण लावा. फीड फारच बिघडलं असेल तर सुचवण्या मुळापासून पुसून टाकायची सोय आहे. मग पहिले काही दिवस काय बघताय ते जपा, कारण नवी घडी त्यावरच बसते. खातं सार्वजनिकवरून खासगी केलं तरी आधीचे फॉलोअर तसेच राहतात. खासगी करून निर्धास्त बसणारे इथे फसतात. यादी उघडून नको ते एकेक काढावे लागतात. काढल्याची सूचना त्यांना जात नाही. विक्रेत्यांसाठी: फोटोखालच्या मजकुरात टाकलेली लिंक उघडत नाही, ती प्रोफाइलवर किंवा २४ तासांच्या स्टोरीत द्यावी लागते.

एक्स, म्हणजे २०२३ पर्यंतचं ट्विटर. सुरुवातीची १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसच्या १६० मधून २० वापरकर्त्याच्या नावाला सोडून ठरली होती. २०१७ मध्ये ती बहुतेक भाषांसाठी २८० झाली. भूकंप, वीज, रेल्वेचा खोळंबा, चालू घडामोडी यांत अजूनही तिथे सगळ्यांच्या आधी कळतं. पण आधी कळणं आणि खरं कळणं वेगळं. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलेल्या, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या अभ्यासात ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला होता. खोटी बातमी खरीपेक्षा पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि तो फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, माणसांमुळे पडला होता.

निळ्या खुणेचा अर्थही बदलला आहे. पूर्वी ती ओळख पटवून दिली जायची. २०२२ च्या अखेरीपासून ती पैसे भरून मिळते. ‘खूण आहे म्हणजे खरा’ हा जुना हिशेब सोडून द्या. एखाद्या पोस्टखाली वाचकांची टीप दिसली तर ती जरूर वाचा. एरवी एकमेकांशी मत न जुळणाऱ्या वाचकांनी ती उपयोगी ठरवल्यावरच दिसते, हे त्या सोयीचं मर्म आहे.

एक्सवर टिकायचं असेल तर याद्या करा. प्रोफाइलच्या मेनूत ‘लिस्ट्स’, नवी यादी, ती ‘प्रायव्हेट’, आणि त्यात मोजकी १५-२० खाती: हवामान खातं, आपल्या विषयातले तज्ज्ञ, दोन-तीन बातमीदार. यादीत घालायला त्यांना फॉलो करावं लागत नाही. ती मुख्य पानावर पिन केली की कंपनीने लावलेल्या ‘फॉर यू’ फीडच्या शेजारी तिचा कप्पा दिसतो. या एका सोयीमुळे एक्सला कसोटीवर पास करता येतं. ती न वापरता मात्र नाही.

बाकीच्यांचं भराभर. लिंक्डइन नोकरीसाठी ठीक, पण कोणाचं प्रोफाइल उघडलंत ते त्याला कळतं. नको असेल तर आधी ‘प्रायव्हेट मोड’ लावा. टेलिग्रामचे गट २,००,००० माणसांपर्यंत जातात, मात्र सगळं व्हॉट्सॲपसारखं पूर्णपणे कूटबद्ध असतं हा समज चुकीचा आहे. तशा फक्त ‘सीक्रेट चॅट’, त्या दोघांतच होतात आणि दर वेळी मुद्दाम सुरू कराव्या लागतात. एक्ससारखंच छोट्या पोस्टचं मॅस्टोडॉन या कसोटीवर पैकीच्या पैकी गुण घेतं: मुख्य फीडमध्ये जाहिरात नाही, गुणांची यंत्रणा नाही, जोडलेल्यांचं तेवढं क्रमाने येतं. २०१६ पासून ते वेगवेगळ्या सर्व्हरवर, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेलं आहे. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. दोष एकच आणि तो भारी आहे: तुमच्या ओळखीचं तिथे बहुधा कोणीच नसतं.

वय आणि बाहेर पडणं

बहुतेक सेवांचं किमान वय १३ आहे. त्याचा उगम मुलांच्या माहितीबाबतच्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून मोठ्या समाजमाध्यमांसाठी १६ ची अट घातली. घरात कळीचा प्रश्न वेगळाच असतो. दहा वर्षांच्या मुलाचं वय १३ सांगून खातं उघडून दिलं की ते १५ वर्षांचं होईल तेव्हा नोंदीत १८ पूर्ण झालेले असतात. मुलांसाठीचे सगळे अडसर त्या दिवशी आपोआप उठतात: अनोळखी माणसांचे मेसेज, प्रौढांसाठीचा मजकूर, जाहिराती. जन्मतारीख खोटी घालणं म्हणजे तीन वर्षं आधीच कुलूप काढून ठेवणं.

सेवा सोडायची असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी माहिती उतरवून घ्या; फाइलचा प्रकार विचारला तर वाचायला एचटीएमएल, दुसरीकडे न्यायला जेसन निवडा. मिळणारी लिंक काही दिवसच चालते, तेव्हा आली की लगेच उतरवा. मग या खात्याने आणखी कुठे लॉगिन करता ते बघा. ‘कंटिन्यू विथ फेसबुक’ म्हणून उघडलेली ॲप खातं गेल्यावर बंद पडतात, त्यांना आधी ईमेल आणि पासवर्ड लावा. ज्या गटांचे आणि पानांचे तुम्ही एकटेच ॲडमिन आहात ते दुसऱ्याच्या हवाली करा. त्यानंतर ‘डिलीट’ (एक्सवर ‘डीॲक्टिव्हेट’). फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स तिन्हीकडे ३० दिवसांची मुदत असते आणि त्या काळात चुकून लॉगिन केलं तर खातं परत उभं राहू शकतं. म्हणून फोनमधून ॲपही त्याच दिवशी काढा. सवयीने बोट तिथे जातंच.

व्हॉट्सॲपचं वेगळं. फोन नंबर सोडून देणार असाल तर आधी ‘चेंज नंबर’ करून खातं नव्या नंबरवर न्या. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, आणि त्यावर येणारे कोड मग त्याच्या हातात पडतात. बँकेत आणि ईमेलमध्ये जुनाच नंबर राहिला असेल तर तेही.